अंगणामागचं तळं
१९९० साली जगात पाच वर्षांखालची सव्वा कोटीच्या आसपास मुलं दगावली. २०२२ साली हा आकडा ५० लाखांच्या खाली आला. लस, जलसंजीवनी आणि सुरक्षित बाळंतपणाचं हे मोठं यश. तरीही यातली जवळपास निम्मी बाळं जन्मानंतरच्या २८ दिवसांतच जातात, हे मनाला लागतं.

रोग आटोक्यात आले की त्यांच्याआड झाकलेली कारणं वर येतात. बांगलादेशात जुलाबानं होणारे मृत्यू खूप घटले आणि एक ते चार वर्षांच्या मुलांत बुडून मरणं हे प्रमुख कारण ठरलं. नदीच्या पुरापेक्षा घरालगतचं तळंच जास्त मुलं नेतं. घराचा ओटा उंच करायला माती खणली, त्या खड्ड्याचं तळं झालं. ते दारापासून हाकेच्या अंतरावर. वेळ बहुधा सकाळी नऊ ते दुपारी एक. आई चुलीपाशी, बाप शेतात, मोठी भावंडं शाळेत. एवढंसं मूल बुडताना ओरडतही नाही. आईला दोष देणं हा अन्याय आहे. एका माणसाचे डोळे किती ठिकाणी पुरणार? म्हणून तिथल्या गावांत नेमक्या याच वेळेत ‘आंचल’ नावाची पाळणाघरं चालतात. गावातलीच बाई मुलं सांभाळते. बुडण्याचं प्रमाण त्यानं ठळकपणे घटलं.

किशोरवयात चित्र पुन्हा बदलतं: रस्त्यावरचे अपघात, हिंसा, आत्महत्या. तिथे लस नाही. हेल्मेट, वेगमर्यादा आणि ऐकून घेणारं माणूस लागतं.