छिन साम्राज्य खरोखर कशाने बुडाले?

इसवी सनपूर्व २०९. सीमेवरील पहाऱ्यासाठी सक्तीने भरती केलेले ९०० जण अतिवृष्टीमुळे वाटेतच अडकले. मुदत टळली की शिरच्छेद ठरलेला. मरायचेच असेल तर बंड करून मरू, असे म्हणत चेन शंग आणि वू ग्वांग यांनी शस्त्र उचलले आणि तीन वर्षांच्या आत छिन साम्राज्य लयाला गेले. इतिहासकार सिमा छियान यांनी नोंदवलेली ही हकिकत कठोर राजवटीच्या अंताचा दाखला म्हणून दोन हजार वर्षे सांगितली जात आहे.

छिनचे सामर्थ्य 'विधिवादी' विचारसरणीतून उभे राहिले होते. इसवी सनपूर्व ३५६ च्या सुमारास मंत्री शांग यांगने सुधारणा सुरू केल्या. शेती आणि युद्ध या दोनच गोष्टींना राज्याने उत्तेजन द्यावे, असे त्याचे सूत्र होते. मानमरातब जन्मावर नव्हे, तर रणांगणातील पराक्रमावर मिळू लागला. कुटुंबांचे पाच-पाचांचे गट पाडून एकाच्या गुन्ह्याची जबाबदारी सर्वांवर टाकण्यात आली. कायद्यापुढे सरदारही सुटले नाहीत. याच यंत्रणेच्या बळावर इसवी सनपूर्व २२१ मध्ये छिनने उरलेली सर्व राज्ये जिंकून चीन एकछत्री केला.

मात्र १९७५ मध्ये हूबेई प्रांतातील शुइहूदी येथे एका कनिष्ठ छिन अधिकाऱ्याची कबर सापडली आणि या चित्राला वेगळा रंग आला. कबरीत कायद्यांची कलमे लिहिलेल्या बांबूच्या पट्ट्या होत्या. त्यांनुसार वेठीच्या कामावर तीन ते पाच दिवस उशिरा येणाऱ्यास केवळ समज दिली जाई. सहा ते दहा दिवसांच्या विलंबास एका ढालीचा, तर त्याहून अधिक विलंबास एका चिलखताचा दंड होता. पावसामुळे अडथळा आल्यास कामाची सक्तीच रद्द होई.

हे कलम सीमेवरील पहाऱ्याला लागू होते का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. शिवाय सिमा छियान हे छिननंतर सत्तेवर आलेल्या हान राजवटीच्या सेवेत होते, हेही विसरता येत नाही. एक मात्र खरे, की छिनवर टीका करणाऱ्या हान राजवटीने त्याच छिनची कायदे व प्रशासनाची चौकट बव्हंशी कायम ठेवली.

हान विचारवंत च्या यी यांनी या पतनाचे कारण वेगळे सांगितले. राज्य जिंकण्याची नीती आणि राखण्याची नीती भिन्न असते. छिनने पहिलीच शेवटपर्यंत चालवली. पट्ट्यांवरील दंड सौम्य असले, तरी वेठ आणि भरतीचा बोजा प्रजेच्या खांद्यावरून उतरला नव्हता.