टकटक ऐकलीत? मग कॅमेरा काढा!

मैत्रिणींनो, सकाळचे डबे भरून झाले की गावाबाहेरच्या बाभळीच्या रानात जरा कान देऊन पाहा. खोडावर हलकी टकटक ऐकू आली तर तो बहुधा मराठा सुतार. त्याच्या शास्त्रीय नावातही ‘महराटेन्सिस’ आहे, बरं का! जेमतेम बुलबुलाएवढा, अंगावर पांढरे ठिपके, माथा पिवळा. नराला मागे लाल पट्टा. मादीला तो नाही.

माणूस दिसताच स्वारी खोडामागे सरकते. पाठलाग नको. गप्प उभ्या राहा, चढत चढत पुन्हा पुढे येतो. टोचताना डोकं भारी हलतं, म्हणून शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद हवं. मागे उजळ आकाश असेल तर पक्षी काळा पडतो. एक्स्पोजर थोडं वाढवा.

घरी फोटोच्या कडा कापा, सावली जरा उजळा, पुरे. धार फार वाढवली की पिसं तारेसारखी दिसतात. रंग तर तिखटासारखे हात राखूनच! जास्त झाले की मादीचा पिवळा माथा नारिंगी होतो आणि बाईचा बुवा ठरतो.

उन्हाळ्याच्या तोंडाला ढोलीजवळ मात्र जाऊच नका. तुम्ही तिथे असाल तोवर आईबाप चोचीत किडे धरून बाजूच्या फांदीवर ताटकळतात आणि आत पिल्लं उपाशी.