कलपाखालची बट

बेरा तपासणीला बाळ झोपलेलं लागतं. औषध पाजून, थोपटून, अखेर ते झोपतं आणि ऑडिओलॉजिस्ट कपाळावर नि कानांमागे तारा चिकटवते. इअरफोनमधून टकटक सुरू होते, आवाज चढत जातो. ऐकू येत असेल तर पडद्यावरच्या रेघेत लाटा उमटतात. इथे ९० डेसिबलवरही रेघ सपाटच. पण ऑडिओलॉजिस्टची नजर मघापासून दुसरीकडे होती. झोपण्याआधी बाळाने पाहिलं तेव्हा त्याचा उजवा डोळा तपकिरी दिसला होता आणि डावा लख्ख निळा. कागदावर अहवालाखाली तिने आणखी एक ओळ लिहिली आणि कुटुंबाला जनुकीय समुपदेशनाच्या ओपीडीत धाडलं.

तिथे यंत्र जवळजवळ नाहीच. एक पारदर्शक पट्टी, एक कॅल्क्युलेटर आणि कोरे कागद. समुपदेशक कागदावर वंशावळ काढतात: पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, बाळाच्या चौकोनाकडे बाण. प्रत्येक आकृतीचे चार भाग, कान, केस, डोळे, त्वचा. ज्याचं जे वेगळं, तो भाग काळा करायचा.

“घरात कुणाचे केस तिशीच्या आत पिकले?” या प्रश्नावर सगळे एकमेकांकडे बघतात. कोडाची शंका येईल, मुलींची लग्नं अडतील, म्हणून आपल्याकडे असल्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या मेंदीखाली आणि कलपाखाली जातात. समुपदेशक तरुण वयातले फोटो, लग्नाचा अल्बम मागतात, तो यासाठीच. “तिच्या माहेरचं असेल,” आजी सुनेकडे न बघता म्हणाल्या. थोड्या वेळाने स्वतःच पुढे म्हणाल्या, “मला जन्मतः इथे पांढरी बट होती. आई काजळ फासायची.” कपाळावरचे केस त्यांनी बाजूला केले. कलपाच्या मुळाशी पांढरं डोकावत होतं.

मग पट्टी निघाली. आजींच्या डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधलं अंतर ३८ मिलिमीटर, बुबुळांच्या मध्यांमधलं ६०, बाहेरच्या कोपऱ्यांमधलं ९०. एका किचकट सूत्रात हे आकडे घातले की डब्ल्यू निर्देशांक मिळतो. १.९५ च्या वर गेला तर अर्थ आहे; आजींचा आला २.१८. बाळाच्या वडिलांचाही वर गेला. त्यांना ऐकू उत्तम येतं. चेहऱ्यावर काही आहे, हे त्यांना त्या दिवशीच कळलं.

नेदरलँड्सचे नेत्रतज्ज्ञ वार्डनबर्ग यांनी १९५१ मध्ये दूर सरकलेले डोळ्यांचे कोपरे, पांढरी बट, बुबुळांचा बदललेला रंग आणि बहिरेपणा यांची सांगड घातली; हाच वार्डनबर्ग सिंड्रोम. त्याचा एक प्रकार मुंबईशी जोडलेला आहे: शाह आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये पांढरी बट आणि आतड्यात मज्जापेशीच नसलेली बारा अर्भकं नोंदवली. आज तो वार्डनबर्ग-शाह सिंड्रोम म्हणून ओळखला जातो.

केसांचा रंग आणि कान, यांचा काय संबंध? रंग देणाऱ्या पेशी गर्भाच्या पाठीकडून निघून सगळीकडे पसरतात: त्वचेत, केसांत, बुबुळात आणि आतल्या कानातही. कानात त्या रंगवायला जात नाहीत. शंखाकृती नळीतल्या द्रवात सुमारे ८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब त्यांच्यामुळे टिकतो. तो नसेल तर आवाज पोचूनही चेतना उमटत नाही. डोळ्यांचे कोपरे दूर सरकलेल्या पहिल्या प्रकारात दोष असतो पॅक्स-३ या जनुकात. रंगपेशी कुठे पोचल्या, कुठे नाही, यावर ज्याचं त्याचं रंगाचं आणि कानाचं लक्षण ठरतं. म्हणून आजीला बट, नातवाला बहिरेपण; मुलाला मात्र फक्त डोळ्यांचं अंतर. त्या एका घरात एकच दोष तीन रूपांत बसला होता. श्रवणाचा मज्जातंतू सहसा शाबूत असतो, त्यामुळे कॉक्लिअर इम्प्लांटला बाळ चांगला उमेदवार आहे. वेळ दवडू नये, एवढाच आग्रह.

सून इतका वेळ गप्प होती. “म्हणजे माझ्यामुळे नाही,” ती म्हणाली. समुपदेशकांनी घाईने सांगितलं की कुणामुळेच नाही. बरोबरच आहे ते. पण तिला तेव्हा पहिलंच वाक्य हवं होतं, असं मला वाटलं.

रक्त पॅक्स-३ च्या चाचणीला गेलं. उठता उठता आजींनी हळूच विचारलं, धाकट्या मुलीसाठी स्थळं बघतोय, तिचं काय? तिच्यात दोष असेल तर प्रत्येक बाळाला तो मिळण्याची पन्नास टक्के शक्यता, समुपदेशक म्हणाल्या, पण आधी तिला इकडे आणा, पट्टी लावून बघू. “आणि येताना,” त्यांनी बजावलं, “केसांना काही लावू नका.”