रेल्वेचा हिस्सा कशात मोजायचा?

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत देशातली 85 टक्क्यांहून अधिक मालवाहतूक रेल्वे करत असे. आज हा वाटा पाव हिश्शाच्या जेमतेम वर आहे. राष्ट्रीय रेल्वे योजनेने तो 2030पर्यंत 45 टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. यावरून ट्रकने रेल्वेला हरवले असे म्हणून आपण मोकळे होतो. पण आधी मापाचे बघू. समजा, रेल्वेने 100 टन माल 1,000 किलोमीटर नेला आणि ट्रकांनी 400 टन माल 50 किलोमीटर. टनांत मोजले तर रेल्वेचा हिस्सा 20 टक्के. वजनाला अंतराने गुणून, म्हणजे टन-किलोमीटरमध्ये मोजले, तर तोच 83 टक्के. आणि रेल्वेत कोळसा, ट्रकांत औषधे असतील, तर किमतीच्या हिशेबात रेल्वे जवळपास दिसणारच नाही. तिन्ही आकडे खरे आहेत, पण स्पर्धा किती आहे हे त्यांतला एकही सांगत नाही.

स्पर्धा देशभराच्या सरासरीत नसते; ती ठरावीक माल ठरावीक ठिकाणी पोचवण्यात असते. एकट्या नाशिक जिल्ह्यात तिची वेगवेगळी रूपे दिसतात. लासलगाव परिसरातला कांदा मुंबईला ट्रकनेच जातो. एवढ्या अंतरासाठी वॅगन भरणे-उतरवणे कोणालाही परवडणार नाही. तोच कांदा ईशान्य भारतात पाठवायचा झाला की व्यापारी रेल्वेकडे रेक मागतो. एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राला लागणारा कोळसा विदर्भासारख्या दूरच्या भागांतल्या खाणींतून येतो. रोज हजारो टन कोळसा तिथून ट्रकने आणायचा तर भाडे भलतेच वाढेल. मुंबईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातले इंधन मात्र मनमाडपर्यंत नळवाहिनीने येते. तिथे रेल्वेचा प्रतिस्पर्धी ट्रक नसून जमिनीखालचा नळ आहे.

धोरण आखायला एखादा सोपा आकडा हवाच, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. दिशा कळायला एकूण हिस्सा उपयोगी पडतो. पण रेल्वेच्या एकूण मालात वजनाने निम्म्याच्या आसपास कोळसाच असतो. उद्या कोळशाचा खप वाढला तर महामार्गावरचा एकही ट्रक कमी न होता रेल्वेचा हिस्सा वाढेल. सौरऊर्जा वाढली तर रेल्वेचे काही न चुकताही तो घटेल. दुसरा आक्षेप असा, की रस्ता सर्वांना खुला असल्यामुळे रेल्वेची मक्तेदारी संभवतच नाही. रस्ता आहे म्हणजे पर्याय आहेच, असे नाही. अमेरिकेत 1980च्या स्टॅगर्स कायद्याने रेल्वे कंपन्यांना दर ठरवण्याची मोठी मोकळीक दिली, तरी अडकलेल्या ग्राहकासाठी एक दार उघडे ठेवले. दर बदलत्या खर्चाच्या 180 टक्क्यांहून अधिक असेल आणि परिणामकारक स्पर्धा नसेल, तर तो वाजवी आहे का, हे नियामक मंडळ तपासू शकते. तिथे देशातल्या हिश्शाला महत्त्व नसते. त्या ग्राहकापुढे दुसरी वाट आहे का, एवढेच पाहिले जाते.

आपल्याकडेही मोजणी अशीच विभागून व्हायला हवी: माल कोणता, अंतर किती, मार्ग कोणता आणि भाडे वाढले तर तो माल दुसरीकडे वळू शकतो का. कोळशाच्या भाड्यातून मिळणाऱ्या पैशाने प्रवासी तिकिटे स्वस्त ठेवायची आणि वर हिस्सा वाढल्याचे समाधान मानायचे, तर त्याचा बोजा विजेच्या बिलात येतो. रेल्वे खरोखर सुधारली का, हे ज्याला ट्रक परवडतो तरीही जो रेल्वे निवडतो, अशा कंटेनर, सिमेंट आणि कांद्याच्या ग्राहकांवरून ठरवावे.