जुन्या निधनवार्तांतून आपले मूळ गाव कसे शोधावे?



गेल्या वर्षी सातवीच्या मुलांना आम्ही 'माझे घराणे' हा प्रकल्प दिला होता. वह्या तपासताना दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे बहुतेकांची वंशावळ पणजोबांपाशी थांबते. दुसरी म्हणजे 'मूळ गाव' ह्या रकान्यात बहुतेकांनी नुसते 'महाराष्ट्र' लिहिले होते. एका मुलीने मात्र प्रामाणिकपणे लिहिले होते, "मूळ गाव : माहीत नाही. आजोबांना माहीत होते, पण ते गेले."

हे वाक्य वाचून मी वही मिटून ठेवली. आपल्यापैकी किती घरांची हीच स्थिती आहे! माहिती असलेला माणूस जातो आणि त्याच्याबरोबर गावही जाते. म्हणून ह्या अंकात वर्तमानपत्रांतल्या जुन्या निधनवार्तांवरून आपला माग कसा काढता येतो, ते सांगण्याचा प्रयत्न करते.

दूरचे एक उदाहरण

आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि मोठा दुष्काळ झाला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्यांतली पुष्कळशी अमेरिकेत पोचली. आज त्यांचे वंशज आपले गाव शोधतात तेव्हा त्यांच्यापुढे मोठी अडचण उभी राहते. १९२२ साली यादवी युद्धात डब्लिनचे सरकारी दफ्तरखाने जळाले आणि एकोणिसाव्या शतकातली पुष्कळशी जुनी शिरगणती त्यात नष्ट झाली. सरकारी कागदांत अमेरिकेत आलेल्या माणसाच्या जन्मस्थानापुढे बहुधा नुसते 'आयर्लंड' असते, जसे आमच्या मुलांच्या वह्यांत 'महाराष्ट्र'.

मग गाव सापडते कुठे? पुष्कळदा अमेरिकन वर्तमानपत्रांतल्या निधनवार्तेत. अमुक परगण्याच्या तमुक पॅरिशची रहिवासी, असे घरच्यांनी आवर्जून छापवलेले असते. गावाकडच्या नातलगांना कळावे म्हणून 'आयरिश पत्रांनी ही बातमी उतरवून घ्यावी' अशी विनंतीही कधी खाली असते. बॉस्टनच्या 'पायलट' ह्या पत्रात तर १८३१ ते १९२१ पर्यंत हरवलेल्या नातलगांना शोधणाऱ्या जाहिराती येत असत. माणूस परदेशात मेला, पण मरतानाच्या चार ओळींत त्याचे गाव त्याच्याबरोबर छापले गेले.

आपण बडोद्यात कसे आलो?

आपली गोष्ट फार वेगळी नाही. गायकवाडांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातले दावडी. पिलाजीराव आणि पुढे दमाजीराव यांच्याबरोबर अठराव्या शतकात शिलेदार, बारगीर, कारकून, पुरोहित, कारागीर अशी नाना जातींची मंडळी गुजरातेत आली. दुसरी मोठी लाट आली ती सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत. शाळा, इस्पितळे, न्यायखाते, इमारतखाते यांसाठी शिकलेली माणसे हवी होती. ती कोकणातून, देशावरून, खानदेशातून आली. खुद्द महाराज नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० साली गुजरात वेगळा झाला. तोवर दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा हेच आपले गाव होऊन गेले होते. जुन्या गावाची ये-जा एकेक पिढीने कमी झाली.

निधनवार्ता काय काय सांगते?

बडोद्यात दामोदर सावळाराम यंदे यांनी 'बडोदे वत्सल' आणि पुढे 'सयाजीविजय' ही मराठी पत्रे चालवली. पुण्यात 'ज्ञानप्रकाश' होते, १८८१ पासून 'केसरी' आहे. जुन्या पत्रांतली बातमी दोनचार ओळींची असली तरी शब्द न शब्द वाचावा.

'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजश्री, हा पुरुष बातमीच्या वेळी हयात आहे. 'कै.' म्हणजे कैलासवासी, तो आधीच वारलेला आहे. 'कै. अमुक यांचे चिरंजीव' असे असेल तर वडील त्यापूर्वी गेले, हे विनासायास कळते. गेलेल्या बाईच्या नावामागे 'सौ.' असेल तर त्या वेळी पती हयात होते, 'गं. भा.' असेल तर नव्हते. खात्याचे नाव मिळाले तर पुढचा शोध सोपा होतो, कारण बडोदे सरकारच्या 'आज्ञापत्रिके'त नोकरीसंबंधीचे हुकूम छापले जात असत.

अलीकडच्या काळासाठी 'पुण्यस्मरण'च्या जाहिराती पाहाव्यात. त्यांत गेल्याची तारीख असते आणि खाली 'शोकाकुल' म्हणून जावई, व्याही, भाचे यांची आडनावे असतात. एका जाहिरातीतून चार घरांचे पत्ते लागतात.

गुजराती पत्रे विसरू नका

आपल्यापैकी पुष्कळांनी घरातल्या मृत्यूची सूचना गुजराती दैनिकांत 'अवसान नोंध' किंवा 'बेसणुं' ह्या सदरात दिलेली असते. ती मराठीपेक्षा एका बाबतीत सरस असते. 'मूळ वतन अमुक, हाल वडोदरा' अशी सुरुवात तिथे प्रचलित आहे. शिवाय 'पियर पक्ष' म्हणून बाईच्या माहेरच्यांची नावेही पुष्कळदा येतात. आपल्या मराठी निधनवार्तेत 'पश्चात दोन मुलगे, एक मुलगी, नातवंडे असा परिवार आहे' एवढेच येते, माहेर बहुधा येतच नाही. गुजराती शेजाऱ्यांची ही पद्धत आपण उचलावी असे मला मनापासून वाटते.

तिथी आणि सन यांचा घोळ

जुन्या बातमीत तारखेऐवजी तिथी असते. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र जानेवारी ते फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. गुजरातचा विक्रम संवत कार्तिकात बदलतो. त्यातून कार्तिक ते डिसेंबर ५७ आणि जानेवारी ते आश्विन ५६ वजा करावेत. मोडी कागदांत 'सुहूर सन' असतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवतात, कारण तो वर्षारंभ मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला होतो.

आणखी एक खोच आहे आणि त्यात मी स्वतः फसले आहे. माझे शिक्षण इंदूरला हिंदी माध्यमात झाले. उज्जैनच्या पंड्यांच्या वहीत आमचे पूर्वज 'आश्विन कृष्ण पंचमी'ला आल्याची नोंद मिळाली. मराठी हिशेबाने ती मंडळी कोजागिरीनंतर, दिवाळीच्या तोंडावर आली असणार असे आम्ही धरून चाललो. पण उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो. त्यांचा आश्विन कृष्ण पक्ष म्हणजे आपला भाद्रपद वद्य, म्हणजे पितृपक्ष. ती मंडळी श्राद्धासाठी आली होती! शुद्ध पक्षात हा फरक पडत नाही, वद्य पक्षात पडतो. महाराष्ट्र आणि गुजरात या बाबतीत एकाच पद्धतीचे आहेत.

बातमी मिळाल्यावर पुढे काय?

निधनवार्ता ही सुरुवात आहे, पुरावा नव्हे. ती दुसऱ्या कागदाशी ताडून पाहावी.

१. महालयाची यादी : पितृपक्षात गुरुजींपुढे वाचायची यादी काही घरांत असते. तिच्यात वडील, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर आईकडच्या पुरुषांची आणि इतर आप्तांची नावे नात्यासह असतात.

२. तीर्थोपाध्यायांच्या वह्या : नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथे गाव आणि आडनाव सांगितले की वही निघू शकते. अशा काही तीर्थांच्या वह्यांची छायाचित्रे 'फॅमिलीसर्च' ह्या संकेतस्थळावरही आहेत.

३. वंशावळ राखणारे : गुजरातेत वहीवंचा बारोट, तर कोल्हापूर-सांगली-बेळगाव भागात हेळवी हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत.

४. गावचे दफ्तर : गाव कळले की तिथल्या तहसील कचेरीत जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४ अथवा 'कोतवाल बुक', विचारावे. २०२३ पासून महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा हीच दफ्तरे उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली.

५. बडोद्यातील संस्था : मध्यवर्ती ग्रंथालय, विद्यापीठाचे हंसा मेहता ग्रंथालय आणि राज्य अभिलेखागाराची इथली शाखा. जाताना व्यक्तीचे पूर्ण नाव आणि अंदाजे साल घेऊन जावे, नाहीतर दिवस फुकट जातो.

फसण्याच्या जागा

नाव एक म्हणून माणूस एक असे समजू नये. आपल्या रावपुऱ्याच्या टॉवरला ज्यांचे नाव आहे त्या चिमणाबाई महाराजांच्या पहिल्या पत्नी, तंजावरच्या लक्ष्मीबाई. त्या १८८५ मध्ये वारल्या. दुसऱ्या चिमणाबाई म्हणजे देवासच्या गजराबाई. दोघींची माहेरची नावे वेगळी, सासरचे नाव एकच. राजवाड्यात असे, तर आपल्या घरांत किती 'लक्ष्मीबाई' आणि 'सरस्वतीबाई' एकमेकींत मिसळल्या असतील!

दुसरी जागा दत्तकाची. कवळाण्याचे गोपाळराव २७ मे १८७५ रोजी दत्तक आले आणि सयाजीराव झाले. दत्तकाने वडिलांचे नाव बदलते, पुष्कळदा स्वतःचेही. असे काही निघाले तर घरातल्या वडीलधाऱ्यांशी जपून बोलावे. तिसरी जागा आडनावाची. 'कर' प्रत्ययाचे आडनाव गाव दाखवते, पण ते गाव सोडूनही घराण्याला पाच पिढ्या झालेल्या असू शकतात. फडणीस, चिटणीस, पोतनीस ही तर कामाची नावे, त्यांवरून गाव ठरत नाही.

त्या मुलीच्या वहीचे काय झाले?

तिच्या आजींना शाळेत बोलावले. देवघराच्या खणात जुन्या पंचांगात घडी घातलेले एक पिवळे कात्रण त्यांना मिळाले. घराण्यातले एक गृहस्थ संस्थानच्या नोकरीत होते. 'यांच्या मातुश्री राजापूर तालुक्यातील आपल्या मूळ गावी निवर्तल्या' अशी त्यात बातमी होती आणि गावाचे नाव स्पष्ट छापलेले होते. वर्गात मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पण मुलीने विचारले, "बाई, मातुश्रींचे नाव काय?" बातमीत मुलाचे नाव होते, खाते होते, गाव होते. ज्या बाई गेल्या त्यांचेच नाव नव्हते. महालयाच्या यादीतही तिथे फक्त 'प्रपितामही' असा शब्द होता, पुढची जागा कोरी.

ते नाव शेवटी माळ्यावरच्या तांब्याच्या घंगाळावर सापडले. काठाखाली कोरलेले, अर्धे झिजलेले, चिंच लावून घासल्यावर उमटले. आजी म्हणाल्या, "गेल्या दिवाळीत हे मोडीत द्यायला काढलं होतं." त्या मुलीने वहीत आता मूळ गाव लिहिले आहे, आणि त्याच्या वर ते नाव लाल शाईने लिहिले आहे.

एक विनंती

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराचे पाणी घरांत शिरले. तळमजल्यावर राहणाऱ्या पालकांनी तेव्हा फर्निचरपेक्षा जुन्या कागदांसाठी डोळ्यांत पाणी आणलेले मी पाहिले आहे. पुराने न नेलेले कागद आपण दर दिवाळीला पस्तीत घालतो. म्हणून चार गोष्टी कराव्यात.

साफसफाईत निघालेला मोडी अथवा मराठी कागद न वाचता टाकू नये. कात्रणाचा मोबाईलवर फोटो काढून मागे पत्राचे नाव आणि तारीख लिहावी. घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीशी तासभर बोलून ते ध्वनिमुद्रित करावे. आणि ह्यापुढे निधनवार्ता देताना गेलेल्या बाईंचे स्वतःचे नाव, माहेरचे आडनाव आणि गाव अवश्य छापावे. एक ओळ वाढेल, थोडे पैसे जास्त पडतील. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा आणि आईचे माहेर मात्र इंटरनेटवर टाकू नये, बँकेच्या कामात त्यांचा गैरवापर होतो.

ह्या वर्षी सातवीच्या प्रकल्पात 'मूळ गाव'च्या खाली आम्ही एक नवा रकाना घातला आहे : 'पणजीचे माहेरचे नाव'. मुले घरी विचारतील. कृपया "माहीत नाही" एवढेच सांगून त्यांना परत पाठवू नका. माळ्यावर चढा.

आपली,
मुख्याध्यापिका