गरोदर मधुमेही भगिनी आणि साखरेची तपासणी



ऊस विकास अधिकाऱ्याने बाळंतपणावर लिहावे, हे काहींना नवल वाटेल. पण आमच्या गटातील एका सभासदाच्या सुनेला लग्नाआधीपासून मधुमेह आहे. दिवस गेल्यावर महिन्यातून एकदा उपाशीपोटी साखर तपासायची, ती बरी आली की घरचे निर्धास्त. जेवणानंतर किती चढते, ते कोणी पाहिलेच नाही. मूल सव्वाचार किलोचे झाले आणि जन्मल्यावर त्याचीच साखर इतकी उतरली की चार दिवस काचेच्या पेटीत ठेवावे लागले. आता दोघे सुखरूप आहेत.

असे का होते? आईची साखर वारेतून बाळाला जाते, आईचे इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःच जादा इन्सुलिन तयार करते आणि अंगाने वाढते. नाळ कापली की साखर बंद, इन्सुलिन मात्र शिल्लक.

तोडणीपूर्वी ब्रिक्स पाहताना आपण एकाच कांडीवर भरवसा ठेवत नाही, शेंडा-बुडखा दोन्ही बघतो. इथेही तसेच. सकाळी उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवायला बसल्यापासून एक तासाने १४० किंवा दोन तासांनी १२० च्या आत, असे साधारण आकडे डॉक्टर धरतात. रोज उठल्यावर आणि तिन्ही जेवणांनंतर घरच्या यंत्रावर बघून आकडा वहीत लिहावा. बोट आधी धुवून कोरडे करा. गूळ फोडलेल्या हाताने तपासले तर आकडा गुळाचा येईल!

इन्सुलिनवर असताना पहिल्या तीन महिन्यांत साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, आकडा ७० च्या खाली दिसला, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. मधुमेह आहे म्हणून साखर द्यायला सासूबाईंनी भिऊ नये. उपवास तर नकोच. पाचव्या महिन्यानंतर इन्सुलिन वाढवावे लागते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. बाळंत होताच गरज झटकन घटते, तेव्हा जुनाच डोस चालू ठेवू नये, डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक. बाळाचे हृदय, मज्जारज्जू पहिल्या आठ आठवड्यांतच घडतात, तोवर कित्येकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. म्हणून मूल हवे असे ठरले की आधीच डॉक्टरांकडे जाऊन साखर आटोक्यात आणावी.

वर सांगितलेल्या सुनेचा आता दुसऱ्याचा विचार आहे. परवा लागणीची नोंद घ्यायला गेलो, तर सासऱ्यांच्या उसाच्या वहीत मागच्या पानांवर तिचे आकडे होते, तारीखवार.