दुकानांतील पाटी

सत्ता राजवाड्यांत वसते, असा सामान्य समज आहे. चेकोस्लोव्हाकियांतील नाटककार वात्स्लाव हावेल यांनीं १९७८ सालच्या एका निबंधांत तिचें मूळ भाजीच्या दुकानांत दाखविलें. तेथील भाजीवाला कामगारांच्या ऐक्याची पाटी लावतो, ती श्रद्धेनें नव्हे. त्रास टळावा म्हणून. अशा असंख्य पाट्यांवरच साम्यवादी सत्ता तगून होती. १९८९ सालीं ती कोसळली व हावेलच राष्ट्राध्यक्ष झाले. १ जानेवारी १९९० रोजीं केलेल्या भाषणांत सारा दोष जुन्या सत्ताधीशांच्या माथीं न मारतां, त्या यंत्रास आपण सर्वांनींच कमीअधिक हातभार लावला, असें त्यांनीं नागरिकांस सांगितलें.

'यथा राजा तथा प्रजा' हें आम्हीं वर्गांत जन्मभर शिकविलें. परंतु निरीक्षक येणार म्हणून, स्वतः न पाळलेलीं सुवचनें आम्हींहि भिंतीवर टांगलीं. राजा बदलला, तरी पाटी ज्याची त्यानेंच उतरवावयाची असते.